वजनावर मोजलंस का?

रायगड जिल्ह्यात एकूण जेवढी भीती आहे, तिच्यातली निम्मी माझ्या मोठ्या बहिणीच्या नवऱ्याकडे आहे आणि उरलेली निम्मी आपण बाकीच्यांनी वाटून घेतलेली आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. भाऊजी विजेला भितात, गॅसला भितात, फणसाखाली गाडी लावायला भितात आणि 'काही होत नाही हो' असं म्हणणाऱ्या माणसाला तर फारच भितात. लग्नाच्या हॉलमध्ये ते कायम दाराशेजारच्या खुर्चीवर बसतात. नवरा-नवरीला अक्षता टाकायच्या त्या तिथूनच, त्यामुळे त्या नेहमी मधल्या रांगेतल्या कुणाच्या तरी डोक्यावर पडतात. स्वतःच्या लग्नातही ते बोहल्यावरून सारखे दाराकडे बघत होते. आमच्या आईला वाटलं, मुलगा पळून जाणार. ते पळणार नव्हते. दार आत उघडतं की बाहेर, एवढंच ते बघत होते.

याला कारण आहे. भाऊजींचा सगळा जन्म धाटावच्या एका केमिकल कंपनीत शिफ्ट करण्यात गेला, आणि तिथली कामाची पद्धतच अशी की आधी घाबरायचं, मग हात लावायचा. दुरुस्तीला घेतलेल्या मशीनच्या स्विचला लाल पाटी बांधायची, 'काम चालू आहे, हात लावू नये', आणि खाली आपलं नाव. ज्याने बांधली त्यानेच सोडायची. टाकी साफ करायला एक माणूस आत उतरला की दुसऱ्याने वर तोंडाशी उभं राहायचं. या वरच्या माणसाला बाकी काही काम नाही. त्याने फक्त नजर हलवायची नाही, आणि आतला वर आला की पाटीवर लिहायचं, 'काम पूर्ण. माणूस बाहेर.' बाकीचे लोक ही पद्धत हेल्मेटबरोबर कंपनीत ठेवून घरी यायचे. भाऊजी ती डब्याच्या पिशवीत घालून रोह्याला घरी आणायचे. ताईचा मिक्सर बिघडला की त्याच्या वायरला लाल पाटी. पंख्यावरची धूळ पुसायची तर मेन स्विचला पाटी आणि धूळ पुसून होईपर्यंत सगळं घर घामाघूम. एका रविवारी दुपारी ताईने वैतागून ती पाटी स्वतःच्या गळ्यात अडकवली आणि आडवी झाली. भाऊजींनी तिला दिवेलागणीपर्यंत उठवलं नाही. चहा स्वतः केला, तिचा झाकून ठेवला. नियम म्हणजे नियम.

रोज सकाळी उठून ते गच्चीवर जातात आणि काठीला बांधलेला जुना रुमाल कुठे उडतोय ते बघतात. वारा कुठून आहे हे माहीत असलं की गॅस सुटल्यावर कुठे पळायचं ते ठरतं. मी एकदा विचारलं, "इतक्या वर्षांत कधी सुटला का?" ते म्हणाले, "नाही सुटला." पण त्या वाक्याने त्यांना धीर येत नाही. त्यांना त्यात 'अजून' हा शब्द ऐकू येतो.

असा माणूस निवृत्त झाल्यावर जुनी फोर-बाय-फोर गाडी घेतो, दोन्हीकडचे स्प्रिंगचे पाटे बदलून ती चांगली वीतभर उंच करून घेतो, ट्रॅक्टरला शोभतील असे टायर लावतो, तेव्हा लोकांना वाटणारच की म्हातारपणी हौस आली. रोह्यात तरुण मुलं त्या गाडीशेजारी उभी राहून फोटो काढायची. भाऊजी त्यांना लांब उभं राहायला सांगायचे. हौस कसली? ती गाडी म्हणजे भीतीच होती, चार चाकांवर उभी केलेली. त्यांची आई रोह्यापासून तासाभराच्या अंतरावर डोंगरातल्या वाडीत एकटी राहायची. शेवटचा टप्पा म्हणजे लाल मातीचा चढ आणि त्याच्या मधोमध पऱ्या, म्हणजे डोंगरातला ओढा. उन्हाळ्यात त्यात गुरं बसतात. श्रावणात तो माणूस नेतो. वाडीतली धडधाकट माणसं धाटावला नाहीतर मुंबईला, मागे राहिलेल्यांत डोली उचलतील असे दोन खांदे मिळणं कठीण. आणि मावशी, म्हणजे ताईची सासू, खाली यायला तयार नव्हती. "तुझ्या घरात पंखा पुसायला चिठ्ठी लागतेय, मी नाय येयाची," असं तिने मुलाला तोंडावर सांगितलं होतं. म्हणजे भाऊजींच्या सगळ्या भीत्यांच्या मुळाशी ही एक होती. एक दिवस वाडीतून फोन येईल आणि आपण पोचणार नाही.

आता गाडीबद्दल थोडं सांगायला हवं, आणि ते मी सांगू शकते, कारण पेणला रामवाडीत हायवेलगत माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे. नवरा शेती बघतो, काउंटर माझं. फोर-बाय-फोरमध्ये गिअरबॉक्सपासून पुढच्या चाकांकडे ताकद नेणारा एक लोखंडी दांडा असतो, तो समोरचा शाफ्ट. तो एकसंध नसतो. छत्रीच्या दांड्यासारखा एकात एक सरकतो, कारण गाडी खड्ड्यात खालीवर झाली की त्याला लांब-आखूड व्हावं लागतं. दोन्ही टोकांना क्रॉस असतो, मनगटासारखा वळणारा. गाडी उंच केली की हा शाफ्ट जास्त तिरका होतो, आणि मूळ लांबीचा त्याला पुरत नाही. भाऊजींच्या गाडीत तो असा घरघरायला लागला की त्यांनी तो काढूनच टाकला आणि स्टिअरिंगला लाल पाटी बांधली, 'समोरचा शाफ्ट नाही. चढ चढू नये.' त्यानंतर फक्त मागच्या चाकांवर, सपाट रस्त्याने, ते दर रविवारी माझ्या दुकानात येऊ लागले. नवा शाफ्ट निवडायला.

मी आयुष्यात पुष्कळ गिऱ्हाइकं पाहिली आहेत. साडीच्या दुकानात बायका वेळ लावतात असं म्हणणाऱ्यांनी भाऊजींना शाफ्ट निवडताना पाहावं. दोनच पर्याय होते. एक, साधा शाफ्ट, मापाप्रमाणे लेथवर लांब करून घेतलेला. दुसरा, गिअरबॉक्सकडच्या टोकाला एकाऐवजी दोन क्रॉस असलेला, तिरकेपणा वाटून घेणारा, आणि आत सरकायला भरपूर जागा असलेला. असा एक वापरलेला शाफ्ट शेजारच्या गॅरेजात मुश्ताकभाईंकडे होता. मुश्ताकभाई बरीच वर्षं आखातात गाड्या दुरुस्त करून परत आलेले. ते कशालाच भीत नाहीत. "भाऊ, तिकडं वाळूत असलेच लावतात. उंट दमतो, हा दमत नाय."

"पण दोन क्रॉस म्हणजे तुटायला दोन जागा," भाऊजी म्हणाले.

"न तुटायला पण दोन."

"आणि वापरलेला आहे."

"मी पण वापरलेलाच हाय, भाऊ. चालतोय ना?"

भाऊजींना दोन्ही पटायचं आणि दोन्हीची भीती वाटायची. शाफ्ट आखूड झाला तर खड्ड्यात चाक लोंबलं की दांडा दांड्यातून निसटेल. लांब झाला तर चाक वर दाबलं गेलं की दांडा आतून टेकेल आणि गिअरबॉक्स फोडेल. हे सगळं ते कागदावर काढून आणायचे. आषाढ आला तेव्हा मी कंटाळले. एका रविवारी ते चहा प्यायला आत गेलेले पाहून मी मुश्ताकभाईंकडे जॅकवर चढवून ठेवलेल्या गाडीखाली वाकले, टेप लावली, आकडा लिहिला आणि दुसऱ्या दिवशी लेथवाल्याकडे साधा शाफ्ट टाकला. काम संपवून मोकळं व्हायचं, ही माझी पद्धत.

शाफ्ट तयार झाला. भाऊजींनी त्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "सुमन, वजनावर मोजलंस का?"

म्हणजे चाकं जमिनीवर टेकलेली असताना, गाडीचा भार पाट्यांवर असताना मोजलंस का. जॅकवर चाकं लोंबतात, अंतर लांब भरतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माप घेताना सुचलं नाही, आणि आता कबूल करायचं तर परत लेथ, परत रविवार, परत कागद.

"मोजलं हो," मी म्हटलं.

त्यांनी तरी तो नेला नाही. पुढच्या रविवारी परत विचारलं. त्याच्या पुढच्या रविवारी परत. तिन्ही वेळा मी 'हो' म्हटलं, तिसऱ्या वेळी जरा चढ्या आवाजात. शाफ्ट दुकानाच्या कोपऱ्यात उभा राहिला, श्रावण लागला.

फोन आला तो सकाळी सातला, ताईचा. वाडीतल्या शेजारणीने निरोप दिला होता: म्हातारी चार दिवस तापाने पडलीय, कालपासून उठत नाय, डोळे पिवळे झालेत. चिखलात लावणीला उतरलेल्या माणसाला हा लेप्टोचा ताप आला की काय होतं ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. "हे पहाटेच गाडी घेऊन गेले," ताई म्हणाली, "पऱ्यापर्यंत पोचले, चाकं जागच्या जागी फिरली, परत आले. अंगणात उभे आहेत."

मला पहिल्यांदा आठवली ती स्टिअरिंगवरची पाटी. स्वतः बांधलेली पाटी न सोडता भाऊजी चढ चढायला गेले होते. मी दोन्ही शाफ्ट आणि मुश्ताकभाईंना टेम्पोत घातलं आणि निघाले. पेण ते रोहा हा रस्ता मी शेकडो वेळा केला असेल. त्या दिवशी तो संपेना. वाटभर माझा शाफ्ट मागे हौद्यात घरंगळत होता, आणि तो प्रत्येक वळणावर मला तेच विचारत होता.

अंगणात भाऊजी गाडीखाली पाठीवर निजलेले होते, नुसतेच. मुश्ताकभाईंनी साधा शाफ्ट उचलला. "हा नवा हाय, मापाचा हाय, अर्ध्या तासात बसतो." भाऊजींनी गाडीखालून फक्त मान वळवली. त्यांनी विचारलंही नाही या वेळी.

"तो लावू नका," मी म्हटलं. "मी जॅकवर मोजला होता."

ताई दारात उभी होती. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी जमिनीकडे बघायला लागले. मुश्ताकभाईंनी शाफ्ट हळूच खाली ठेवला. भाऊजी बाहेर आले, खिशातून एक लाल पाटी काढली, तिच्यावर 'वापरू नये, लांब आहे' असं नीट अक्षरात लिहिलं, त्या शाफ्टला बांधली आणि पेन माझ्या हातात दिलं. "खाली नाव लिही."

"माझी चूक आहे, कबूल केलं ना?"

"चुकणाऱ्याचं नाही लिहीत. धोका ज्याने कळवला त्याचं नाव लिहायचं असतं."

मी लिहिलं. माझी सही त्या दिवशी जितकी वाकडी आली तितकी बँकेतही कधी आली नाही.

मग दोन क्रॉसचा बसवायला घेतला. बसवल्यावर भाऊजींनी देवघरातून शेंदराची वाटी मागवली, शेंदूर तेलात कालवला आणि आतल्या सरकत्या दांड्यावर पातळ पट्टा ओढला. जॅक लावून चाकं लोंबवली, पट्टा कुठवर उघडा पडतो ते पाहिलं. मग जॅक काढला आणि उलटं, पाटे पूर्ण दाबून पाहायचे होते. वजन हवं होतं. "बॉनेटवर बसा," ते म्हणाले. मी बसले, ताई बसली, मुश्ताकभाई बसले, तरी त्यांचं समाधान होईना, तेव्हा रस्त्याने जनरल शिफ्टला उशीर झालेले दोघे मोटरसायकलवाले थांबवून त्यांनाही बसवलं. तिकडे वाडीत एक म्हातारी मरणाच्या दारात आणि आम्ही पाच जण रोह्यात भर सकाळी गाडीच्या टपावर बसल्यासारखे बॉनेटवर, एकमेकांना धरून, न हसता. ताई माझ्या कानाशी पुटपुटली, "हे लोक कामाला गेले की काय सांगतील गो?" खालून आवाज आला, "दोन बोटं शिल्लक. दोन्हीकडे." त्यांनी स्टिअरिंगची पाटी सोडली, घडी करून खिशात ठेवली आणि मला म्हणाले, "तू चल. बाहेर उभं राहायला एक माणूस लागतो."

माझा घाबरटपणावर विश्वास नाही, म्हणून मी तेव्हापर्यंत घाबरायला शिकलेच नव्हते. पऱ्याशी उतरले तेव्हा एका झटक्यात शिकले. पाणी तांबडं, फेसाळ, मांडीपर्यंत. मी काठी घेऊन पुढे, गाडी मागे, मुश्ताकभाई गाडीत मागे, आणि खिडकीतून भाऊजींचा आवाज, एकाच पट्टीत, वाचून दाखवल्यासारखा. "सुमन, डावीकडे गोल दगड आहे. सुमन, मला वाटतंय पाणी वाढतंय, तुला वाटतंय का? सुमन, मला फार भीती वाटतेय, चप्पल सुटली तर सुटू दे." एरवी मी म्हटलं असतं, तोंड मिटा. त्या पाण्यात तो आवाज हाच एक धरायला कठडा होता. प्रत्येक भीती ते बोलून बाहेर ठेवत होते आणि पुढचं चाक तेवढंच पुढे टाकत होते. मधोमध डावं चाक धप्पकन खड्ड्यात गेलं, गाडी माझ्या अंगावर झुकली, खालून 'टण्' असा आवाज आला. मी डोळे मिटले नाहीत. नजर हलवायची नाही, एवढंच काम होतं माझं. चाक बाहेर आलं. चारही चाकं चिखल फेकत चढाला लागली.

मावशी ओटीवर घोंगडीत पडली होती. हळदीचं बोट फिरवल्यासारखे डोळे. तिला गाडीच्या दारापर्यंत आणलं तेव्हा लक्षात आलं की वर्षभर कागदावर सगळ्या गोष्टींचा विचार केलेल्या माझ्या भाऊजींना एक गोष्ट सुचलीच नव्हती. सीट तिच्या खांद्याइतकी उंच होती.

ती गाडीकडे बघत राहिली. "बाबू, ही तू माझ्यासाठी केलीस ना?"

"व्हय, आई."

"मग मी चढायची कुठून?"

तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून दोघांनी खुर्चीच उचलली. खुर्ची हलत होती, कारण भाऊजींचे हात हलत होते. तिने मुश्ताकभाईंकडे मान वळवली. "तू कुनाचा रे?"

"पेनचा, मावशी."

"बरा हायस. हा लहानपनापासून थरथरतो. तू नीट धर."

परतीचा उतार मला आजही झोपेत दिसतो. उतारावर सगळा भार पुढे येतो, पाटे दाबले जातात, शाफ्ट आत सरकतो. मी मागे मावशीचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. तिचं अंग तव्यासारखं होतं आणि मी मोजत होते. प्रत्येक धक्क्याला, इथे माझा शाफ्ट टेकला असता, इथे गिअरबॉक्स फुटला असता, इथे आपण या पाण्यात अडकलो असतो. असे सात धक्के मोजले, मग मोजणं सोडलं. हॉस्पिटलच्या दारात गाडी थांबल्यावर भाऊजी आधी आईकडे गेले नाहीत, खाली वाकले. मीही वाकले. शेंदराचा पट्टा एका ठिकाणी पुसला गेला होता. त्याच्यापुढे एक बोट जागा उरली होती. दोन नाही, एक.

मावशी वाचली. नंतर रोह्यालाच राहिली, एका अटीवर: तिच्या खोलीत लाल पाटी येणार नाही. पावणेदोन वर्षं ती तिथे पंखा जोरात लावून, रेडिओ मोठ्याने लावून, दाराला कडी लावून राहिली आणि भाऊजी बाहेर व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले. उन्हाळ्यातल्या एका दुपारी जेवून झोपली ती उठली नाही. ताई शेजारच्या खोलीत डाळ निवडत होती. भाऊजी दारातच होते.

दिवसकार्य झाल्यावर ते दुकानात आले, रविवार नसताना. समोरचा शाफ्ट त्यांनी स्वतः काढला होता, पुसून, तेल लावून, मावशीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून आणला होता. "आता चढ कुठे आहे," म्हणाले. काउंटरवर ठेवला आणि चहाही न पिता गेले. लुगडं सोडलं तेव्हा शाफ्टला पाटी बांधलेली दिसली. 'काम पूर्ण. माणूस बाहेर.' खाली त्यांचं नाव, आणि त्याच्या शेजारी जागा सोडलेली. वर उभं राहणाऱ्या दोघांपैकी दुसऱ्याची. मी ती भरली. या खेपेला अक्षर सरळ आलं.

तो शाफ्ट कोपऱ्यात आहे. उंच केलेल्या गाड्यांचे लोक येतात, विचारतात. मी सांगते, तुमच्या गाडीला बसणार नाही. मग त्यांना विचारते, वजनावर मोजलंत का, आणि 'हो' म्हणाले तरी पुन्हा विचारते.

परवा पेणला आमच्याकडचं एक लग्न होतं. मी पोचले तेव्हा दाराशेजारची खुर्ची रिकामी होती. भाऊजी हॉलच्या मधोमध, पंख्याखाली, ताईच्या शेजारी बसले होते, चारी बाजूंनी माणसं. त्यांच्या अक्षता सरळ नवरीच्या डोक्यावर पडल्या. मी हाक मारणार होते, मारली नाही. ती दाराजवळची खुर्ची थोडी पुढे ओढली आणि तिच्यात जाऊन बसले.